इग्लुलिकहून निघालेला दोन मिनिटांचा व्हिडिओ

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, फॉक्स बेसिन नावाच्या समुद्रात इग्लुलिक हे एक छोटं बेट आहे. अक्षांश 69 अंश उत्तर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. समजा, तिथल्या एका घराच्या स्वयंपाकघरात 16 वर्षांची एक मुलगी तिच्या ताईसमोर उभी आहे. दोघींनी एकमेकींचे दंड धरले आहेत. धाकटा भाऊ खुर्चीवर चढून फोन धरतो. ताई घशातून एक खोल, घुमणारा सूर काढते, धाकटी श्वास आत ओढत त्याला उत्तर देते. वेग वाढत जातो, दोघी डुलू लागतात, आणि दोन मिनिटांच्या आतच एकीचा तोल सुटून ती हसू लागते. मग दुसरीही हसते. व्हिडिओ त्या हसण्यावर संपतो.

ही मुलगी मी कल्पनेतली घेतली आहे. पण तिच्या व्हिडिओच्या वाटेवर जे जे लागतं ते सगळं खरं आहे: गाण्याचा खेळ, थंडीत मान टाकणारा फोन, दोन-दोन लिप्या, आभाळातला उपग्रह आणि त्यापलीकडचा प्रेक्षक. इनुइत तरुण व्हिडिओतून स्वतःला कसं मांडतात हे समजून घ्यायचं, तर या दोन मिनिटांच्या मागोमाग सावकाश चालत जाणं ही मला सर्वांत चांगली वाट वाटते.

निघण्यापूर्वी थोडी ओळख करून घेऊ. ‘इनुइत’ म्हणजे माणसं. एकट्या व्यक्तीला ‘इनुक’ म्हणतात. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला ‘एस्किमो’ हा शब्द इतरांनी त्यांना चिकटवलेला आहे आणि कॅनडातले इनुइत तो नाकारतात. 2021 च्या जनगणनेत तिथे सुमारे 70 हजार इनुइत नोंदले गेले. त्यांतले सर्वाधिक नुनावुतमध्ये राहतात. 1 एप्रिल 1999 रोजी वेगळा झालेला हा प्रदेश जवळपास 20 लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. एवढ्या मुलखात गावं फक्त 25 आणि लोक 37 हजारांच्या आतबाहेर. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. जायचं तर विमानाने, उन्हाळ्यात बोटीने, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून स्नोमोबाइलने. कॅनडातला सर्वांत तरुण प्रदेशही हाच. इथली जवळपास निम्मी माणसं 25 वर्षांखालची आहेत. माणसं तरुण, गावं एकमेकांपासून दूर आणि मध्ये रस्ता नाही, हे ध्यानात ठेवलं की व्हिडिओला इथे एवढं महत्त्व का आलं याचं अर्धं उत्तर हाती येतं.

दोघींचा खेळ

त्या दोघी बहिणी जे करत होत्या त्याला ‘कताज्जाक’ म्हणतात. मराठीत त्याला कंठगायन म्हणता येईल, पण तो मुळात खेळ आहे. पुरुष शिकारीला गेले की मागे राहिलेल्या बायका तो खेळायच्या. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. एक जण छोटासा आवाजाचा तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा म्हणते. त्या तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत दुसरी आपला आवाज भरते. कधी आवाज श्वास सोडताना निघतो, कधी आत ओढताना. कधी तो घुमतो, कधी नुसती फुंकर असते. रानहंस, वारा, लाकूड कापणारी करवत असे भोवतालचे आवाज त्यात येतात. जिचा दम तुटला, जी चुकली किंवा जिला हसू फुटलं, ती हरली.

हा खेळ कॅमेऱ्याच्या चौकटीत इतका चपखल का बसतो ते पाहा. एक डाव साधारण मिनिटा-दोन मिनिटांत संपतो, म्हणजे आजच्या छोट्या व्हिडिओएवढाच. दोन चेहरे एकमेकांजवळ असतात, त्यामुळे उभ्या धरलेल्या फोनमध्ये सगळं मावतं. वाद्य लागत नाही, मंच लागत नाही. शिवाय पुढे काय होणार, कोण हसणार, ही उत्सुकता खेळातच आहे. ती वेगळी निर्माण करावी लागत नाही.

मिशनरी आले तेव्हा अनेक ठिकाणी हे गायन पाप ठरवून बंद पाडण्यात आलं. काही पिढ्या ते दबून राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजींकडून नातींकडे पुन्हा येऊ लागलं. 2014 साली क्युबेक सरकारने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत पहिला मान कताज्जाकला दिला. म्हणून स्वयंपाकघरातल्या त्या दोन मिनिटांत केवळ करमणूक नाही. कधीकाळी चोरून शिकावी लागलेली गोष्ट इथे मोकळेपणाने, दिव्याच्या उजेडात, हसतखेळत केली जाते आहे.

आधी कॅमेरा कोणाच्या हातात होता

इनुइत लोकांवरचा सर्वांत गाजलेला चित्रपट 1922 चा, रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’. तो क्युबेकच्या उत्तर भागात, आजच्या नुनाविकमधल्या इनुक्जुआकच्या परिसरात चित्रित झाला. नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, अलाकारिआलाक होतं. त्या काळी तिथले शिकारी बंदुका वापरत असताना त्यांना भाल्याने शिकार करताना दाखवलं गेलं. उजेड पुरावा म्हणून इग्लू अर्धवट बांधून आतली दृश्यं टिपली गेली. कॅमेरा सांभाळण्यात आणि फिल्म धुण्यातसुद्धा इनुइत मदतनिसांचे हात होते, पण काय दाखवायचं आणि कोणाला दाखवायचं हे बाहेरच्या माणसाने ठरवलं. हा चित्रपट इनुइत लोकांविषयी होता, त्यांच्यासाठी नव्हता.

पन्नास वर्षांनी गाडी उलट दिशेने आली. 1972 साली कॅनडाने एक दळणवळण उपग्रह सोडला आणि त्याला इनुक्तितुत भाषेतलं नाव दिलं: ‘आनिक’, म्हणजे भाऊ. या भावाच्या खांद्यावरून उत्तरेच्या गावागावांत दूरचित्रवाणी पोहोचली, पण ती बोलत होती इंग्रजी आणि फ्रेंच. घरातलं संभाषण थांबलं, मुलं परक्या शहरांच्या गोष्टी पाहू लागली. इग्लुलिकच्या लोकांनी तेव्हा फार दूरदृष्टी दाखवली. 1975 आणि 1979 अशा दोन वेळा त्यांनी मतदान घेऊन दूरचित्रवाणी नाकारली. आमच्या भाषेत काही नसेल तर आम्हाला ती नको, असा त्यांचा साधा मुद्दा होता. पुढे इनुइत ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन उभी राहिली, 1982 च्या सुरुवातीला तिचे इनुक्तितुत कार्यक्रम सुरू झाले, आणि मग 1983 मध्ये इग्लुलिकने होकार दिला. तंत्र वाईट आहे असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. त्या पडद्यावरून कोण कोणाशी बोलतंय, हा त्यांचा प्रश्न होता. मला या साऱ्या विषयाचा कणा याच प्रश्नात दिसतो.

याच इग्लुलिकमध्ये झाखारिआस कुनुक नावाचा तरुण दगडात मूर्ती कोरत असे. शिकारीहून परतलेले वडील आणि त्यांचे मित्र चहा पिताना प्रवासाचे किस्से सांगत, ते ऐकून त्याला वाटायचं की हे टिपून ठेवायला हवं. 1981 साली त्याने माँट्रियलला जाऊन आपल्या मूर्ती विकल्या आणि त्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा, रेकॉर्डर आणि टीव्ही घेतला. गावात प्रक्षेपण येत नव्हतं, तरी घरी तो आपले व्हिडिओ लावून बसला की मुलं खिडकीशी गोळा व्हायची. 1990 मध्ये त्याने पॉल आपाक आंगिलिर्क, पौलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोह्न यांच्यासोबत ‘इसुमा’ ही निर्मितीसंस्था काढली. इसुमा म्हणजे विचार. तिचा ‘अतानार्जुआत’ हा चित्रपट लिहिला, बोलला आणि दिग्दर्शित केला गेला तो इनुक्तितुतमध्ये. 2001 साली कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कामेरा दोर’ मिळाला. पुढे 2008 मध्ये याच मंडळींनी इसुमा टीव्ही हे इंटरनेटवरचं व्यासपीठ उघडलं.

तरुणांची स्वतःची धडपडही इथलीच. 1998 मध्ये गावातल्या तरुणांच्या आत्महत्यांनी हादरून गेल्यावर ‘आर्टसर्क’ हा सर्कस आणि व्हिडिओचा गट उभा राहिला. इनुइत तरुणांमधलं आत्महत्येचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. सक्तीच्या निवासी शाळा, लादलेली स्थलांतरं आणि तुटलेली भाषा यांच्या जखमा त्यामागे आहेत. शरीराने उडी मारायची, कॅमेऱ्याने ती टिपायची आणि सगळ्या गावाने ती पाहायची, यातून जगण्याला धरून ठेवणारं काही मिळेल असा त्या गटाचा विश्वास होता.

मग यूट्यूब आलं, आणि कॅमेऱ्यासाठी मूर्ती विकायची गरज उरली नाही. 2010 साली नॅन्सी वाखोविच आणि विलो स्कोबी या अभ्यासकांनी इनुइत तरुणांच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओंवर एक लेख लिहिला. तरुण तिथे आपल्या रोजच्या जगण्याचे छोटे छोटे तुकडे मांडत होते, आणि कोणा संस्थेच्या मंजुरीवाचून मांडत होते. अभ्यासकांना त्यात इनुइत गोष्ट सांगण्याच्या परंपरेचाच पुढचा टप्पा दिसला. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण व्हिडिओ आला की परंपरा संपली असं आपण घाईने म्हणून मोकळे होतो. इनुइत शिक्षणाचं एक जुनं तत्त्व आहे, ‘पिलिम्माक्सार्निक’: पाहून, करून आणि पुन्हा करून हातात कौशल्य आणणं. आजी नातीला सील सोलायला शिकवताना व्याख्यान देत नाही. नात शेजारी बसून पाहते. जिथे शिकणंच पाहण्यातून होत आलं, तिथे व्हिडिओ परका कसा राहील?

उणे 30 अंशांत फोन

आता पुन्हा आपल्या दोघी बहिणींकडे जाऊ. त्यांनी स्वयंपाकघर का निवडलं? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे.

हिवाळ्यात बाहेर उणे 30 अंश ही नेहमीची गोष्ट. फोनमधल्या लिथियम बॅटरीतल्या रासायनिक हालचाली थंडीत मंदावतात, आतला विरोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि 40 टक्के चार्जिंग दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. उबेत आणला की तो पुन्हा चालू होतो. म्हणून बाहेर चित्रण करायचं तर फोन पार्का या जाड कोटाच्या आत, अंगाला चिकटून ठेवायचा, क्षणभर काढायचा, टिपायचं आणि परत आत ठेवायचा. जाड मिटन घातलेल्या हाताला पडदा दाद देत नाही, म्हणून तेवढ्यापुरता हात उघडा करायचा. अशा व्हिडिओंचे तुकडे लहान असतात ते केवळ आवडीमुळे नाही. बोटं जितका वेळ सोसतील तितकाच तुकडा मिळतो.

घरात परतल्यावर दुसरी अडचण येते. थंडगार फोनवर घरातली ओलसर हवा बसते आणि भिंगावर बाष्प धरतं. फोन पिशवीत गुंडाळून हळूहळू उबेत येऊ द्यायचा, हा त्यावरचा उपाय.

तिसरी गोष्ट उजेडाची. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेवर आणतो. सगळीकडे बर्फ असेल तर त्याला दृश्य फारच उजळ वाटतं, तो उजेड कमी करतो, आणि बर्फ राखाडी, माणसांचे चेहरे काळवंडलेले दिसतात. म्हणून पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवून उजेड तिथे बांधून घ्यायचा असतो. इग्लुलिकला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी तासन्‌तास निळसर संधिप्रकाश रेंगाळतो. सूर्य परतायचा तेव्हा घरातले तेलदिवे विझवून नव्याने पेटवायची रीत होती, आणि आजही गावात त्या दिवसांत उत्सव होतो. उन्हाळ्यात उलट, मध्यरात्रीही ऊन असतं आणि रात्री दोनला फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा व्हिडिओ भर दुपारचा वाटतो.

स्वयंपाकघरात यांतली एकही अडचण नाही. शिवाय तिथेच घर जमतं. जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर गोठलेला मासा किंवा कॅरिबूचं (रेनडिअरचं) मांस ठेवायचं, ‘उलू’ या अर्धगोल पात्याच्या सुरीने काप काढायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून खायचं, हे दृश्य कितीतरी इनुइत व्हिडिओंत दिसतं. बाहेरच्या कॅमेऱ्याला आर्क्टिक म्हटलं की अफाट बर्फ आणि पांढरं अस्वल हवं असतं. आतल्या कॅमेऱ्याला फ्रिजवरचे फोटो, चहाची किटली आणि मध्येच धावत आलेलं बाळही चालतं.

शब्द कोणत्या लिपीत

व्हिडिओखाली दोन ओळी लिहायच्या आहेत. त्या कशात लिहायच्या?

नुनावुत आणि नुनाविकमध्ये इनुक्तितुतसाठी एक खास लिपी वापरतात. तिच्यात अक्षराचा आकार व्यंजन सांगतो आणि त्याचं तोंड कुठे वळलंय त्यावरून स्वर कळतो. एक साधा कोन घ्या. शेंडा वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पु’, डावीकडे असेल तर ‘पा’. अक्षर फिरवलं की स्वर बदलला! जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 मध्ये क्री भाषेसाठी ही पद्धत छापली आणि पुढे इतर मिशनऱ्यांनी ती इनुक्तितुतला लावली. तिच्यामागे लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव असावा, असं काही अभ्यासक मानतात. व्यंजनाच्या मूळ आकाराला स्वराची खूण जोडण्याची आपली ओळखीची कल्पना तिथे अक्षराच्या फिरकीत दिसते. इतक्या दूरच्या बर्फात आपल्या बाराखडीची छाया पडलेली असू शकते, या विचाराने मला नेहमीच भरून येतं.

फोनवर मात्र तरुण बरेचदा रोमन लिपीत लिहितात, कारण ती हाताशी असते. प्रांतागणिक लेखनपद्धती वेगळ्या. म्हणून 2019 मध्ये इनुइत तापिरीत कानातामी या राष्ट्रीय संस्थेने सगळ्यांसाठी एक समान रोमन लेखनपद्धती स्वीकारली. प्रत्यक्ष व्हिडिओत इनुक्तितुत आणि इंग्रजी हातात हात घालून येतात. आजीला ऐकू जाणारं वाक्य इनुक्तितुतमध्ये, खालची ओळ इंग्रजीत, आणि मध्ये एखादा शब्द वळणदार अक्षरांत.

काही गोष्टी तर लिहिताच येत नाहीत. इनुइत माणूस ‘हो’ म्हणताना भुवया उंचावतो आणि ‘नाही’ म्हणताना नाक आक्रसतो. पुस्तकात हे वाक्य वाचून काही कळत नाही. कोणा मुलीने आपल्या आईला पाच प्रश्न विचारले आणि आईने तोंडातून शब्दही न काढता पाचांची उत्तरं दिली, असा 20 सेकंदांचा व्हिडिओ पाहिला की सगळं उमगतं. भाषा चेहऱ्यावर राहते, हे छापील मजकुराला न सांगता आलेलं सत्य व्हिडिओ सहज सांगून जातो.

गाण्यांनी हे काम आणखी पुढे नेलं. नुनावुतमधल्या सानिकिलुआक गावात वाढलेल्या केली फ्रेझरने 2013 मध्ये रिहाना हिचं ‘डायमंड्स’ हे गाणं इनुक्तितुतमध्ये गाऊन यूट्यूबवर टाकलं आणि ते खूप लोकांनी पाहिलं. आपली भाषा आजी-आजोबांची आहे तशी आजच्या ठेक्याचीही आहे, हे शेकडो मुलांनी त्या गाण्यात ऐकलं. पुढे तिने स्वतःची गाणी लिहिली, मुलांना गीतलेखन शिकवलं. डिसेंबर 2019 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी ती गेली. तिचा आवाज त्या व्हिडिओंत आहे, आणि तिच्यानंतर इनुक्तितुतमध्ये गाणाऱ्यांची वाट तिने सोपी करून ठेवली आहे.

आभाळातून जाणारी वाट

व्हिडिओ तयार झाला, ओळ लिहून झाली. आता तो जगात जायचा कसा? नुनावुतच्या इंटरनेटची भिस्त वर्षानुवर्षं उपग्रहांवर राहिली आहे.

जुन्या पद्धतीचा दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. तिथे त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते, म्हणून तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. इग्लुलिक विषुववृत्तापासून इतकं दूर आहे की तिथून तो क्षितिजाच्या जेमतेम 10-12 अंश वर दिसतो. म्हणून उत्तरेतल्या गावांतल्या अँटेनांच्या मोठ्या थाळ्या आभाळाकडे पाहत नाहीत, जणू समोरच्या टेकडीकडे पाहत उभ्या असतात. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून निदान अर्धा सेकंद.

हा अर्धा सेकंद कताज्जाकसाठी जीवघेणा आहे. एकीच्या दोन आवाजांमधली फट दुसरीने त्या क्षणीच भरायची असते. म्हणून अशा जोडणीवरून दोन गावांतल्या दोन मुली व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळू शकत नाहीत. तो समोरासमोरच होतो. दूर जाते ती त्याची चित्रफीत. तंत्राच्या मर्यादेनेच इथे दोन माणसांना एका खोलीत ठेवलं आहे.

आता हिशेब करू. पूर्ण स्पष्टतेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ 200 मेगाबाइटच्या घरात जातो. वर चढवण्याचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट धरला तर त्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागेल, तोही जोडणी मध्ये तुटली नाही तर. तोच व्हिडिओ दाबून 20 मेगाबाइटवर आणला तर पाच-सहा मिनिटांत काम होतं. म्हणून स्पष्टता कमी करायची, लांबी कमी करायची, आणि गाव झोपल्यावर, रात्री उशिरा चढवायचं. दर महिन्याच्या डेटाला मर्यादा असते आणि त्याचे दर दक्षिणेपेक्षा चढे असतात, हेही गणितात धरायचं. ऑक्टोबर 2011 मध्ये ‘आनिक एफ 2’ या एका उपग्रहात बिघाड झाला आणि उत्तरेतल्या अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क काही तास तुटला. इतकी ती दोरी एकेरी होती.

यावर इसुमाने एक सुंदर उपाय काढला होता. गावातच एक छोटा सर्व्हर ठेवायचा. व्हिडिओ आधी त्यावर जातात, गावातली माणसं ते तिथूनच झटकन पाहतात, आणि उपग्रहावरून होणारी देवघेव मागे सावकाश चालू राहते. म्हणजे आधी आपलं गाव, मग जग. 2018 मध्ये अधिक क्षमतेचा उपग्रह आला. 2022 नंतर सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या छोट्या उपग्रहांची सेवा पोहोचू लागली आणि ज्यांना परवडते त्या घरांतला तो अर्ध्या सेकंदाचा खोळंबा खूपच कमी झाला.

दोन प्रेक्षक

व्हिडिओ पोहोचला. पाहतंय कोण? इथे दोन वेगळे प्रेक्षक असतात, आणि तरुणांचं खरं कसब या दोघांना ओळखण्यात आहे.

पहिला प्रेक्षक आपला. शेजारच्या गावातली मामेबहीण, शिक्षणासाठी ऑटावाला गेलेला भाऊ, दवाखान्यासाठी दक्षिणेत अडकलेली आजी. त्यांच्यासाठीच्या व्हिडिओत काहीच समजावून सांगितलेलं नसतं. स्लेज उलटली, कुत्रं पळालं, आत्याने नवा पार्का शिवला, बस. बाहेरच्या माणसाला त्यात काही घडल्यासारखं वाटणार नाही, आणि वाटायची गरजही नाही.

दुसरा प्रेक्षक जग. नुनाविकमधल्या पुविर्नितुकची आणि माँट्रियलमध्ये राहणारी शीना नोव्हालिंगा हिने 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आईसोबत कंठगायनाचे व्हिडिओ टिकटॉकवर टाकायला सुरुवात केली. काही महिन्यांत लाखो लोक तिच्याशी जोडले गेले. गाण्याच्या जोडीने ती पोशाख, अन्न, निवासी शाळांचा इतिहास असं सगळं सांगत गेली. (भारतात जून 2020 पासून टिकटॉक बंद असल्यामुळे आपल्याला असे व्हिडिओ यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरच भेटतात.) इथे समजावून सांगावं लागतं आणि ते काम दमवणारं असतं. कच्चं मांस खाणारं कुटुंब दाखवलं की खाली किळस व्यक्त करणारे शेरे येतात. चेहऱ्यावरच्या ‘तुन्नीत’ या पारंपरिक गोंदणाच्या रेषा दाखवल्या की पुन्हा तेच प्रश्न. हे गोंदणही मिशनऱ्यांनी मोडून काढलं होतं. आलेथिआ आर्नाकुक-बारिल यांनी 2010 मध्ये त्याच्या शोधावर माहितीपट केला आणि नंतर अनेक तरुणींनी ते पुन्हा गोंदवून घेतलं.

या दोन प्रेक्षकांमधली ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसली ती 2014 मध्ये. ऑस्कर सोहळ्यातल्या एका गाजलेल्या सेल्फीच्या निमित्ताने एका मोबाइल कंपनीने सोहळ्याच्या निवेदिकेने निवडलेल्या, सीलच्या शिकारीला विरोध करणाऱ्या संस्थेला 15 लाख डॉलर दिले. इनुइत लोकांसाठी सील म्हणजे अन्न, कपडे आणि थोडंफार उत्पन्न. 2009 साली युरोपीय संघाने सीलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा इनुइत शिकारीला कागदावर सूट होती, पण बाजारच कोसळल्यावर सूट घेऊन करायचं काय? इनुइत तरुणांनी उत्तर दिलं ते सीलच्या कातड्याचे कपडे घालून काढलेल्या स्वतःच्या फोटोंनी, म्हणजे ‘सीलफीं’नी. नुनावुतची राजधानी असलेल्या इकालुइतच्या एका 17 वर्षांच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर बसून त्या सोहळ्याच्या निवेदिकेशी थेट, आदराने आणि ठामपणे बोलणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. आम्ही कोण आहोत, हे कपडे का घालतो, एवढंच तिने सांगितलं. शांतपणे वाद घालण्याची इनुइत रीत आंदोलनाच्या गोंगाटात कधी ऐकूच येत नव्हती. व्हिडिओत ती पहिल्यांदा नीट ऐकू आली. या साऱ्या लढ्यावरचा ‘अँग्री इनुक’ हा माहितीपट 2016 मध्ये आला.

हसू कापायचं नाही

आता शेवटची गोष्ट, जी आपण सुरुवातीला पाहून सोडून दिली होती. त्या दोघी बहिणींचा व्हिडिओ हसण्यावर संपतो. बाहेरच्या एखाद्या संपादकाच्या हाती तो गेला असता, तर त्याने बहुधा शेवटचे पाच सेकंद कापले असते. गाणं चांगलं झालं, शेवटी जरा बिघडलं, एवढंच त्याला दिसलं असतं. पण कताज्जाकमध्ये हसू हाच शेवट आहे. ते आलं की डाव पूर्ण झाला. ते कापलं तर खेळाचं प्रदर्शन होतं आणि दोन बहिणी एखाद्या संग्रहालयातल्या वस्तूसारख्या दिसू लागतात. ते ठेवायचं की कापायचं हे आज त्या 16 वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. तिच्या अभिव्यक्तीची सारी किंमत मला या पाच सेकंदांत दिसते.

समजा, तिने ते ठेवलं आणि रात्री उशिरा व्हिडिओ वर चढवला. सकाळी सानिराजाकमध्ये, सुमारे 70 किलोमीटरवरच्या गावात, तिची मामेबहीण तो पाहते. एकदा, दोनदा, दहादा. ताईचा पहिला सूर कुठे सुरू होतो, धाकटी श्वास कधी ओढते, हे तिच्या कानात बसतं. मग ती आईला हाक मारते, दोघी दंड धरून उभ्या राहतात, आणि पहिल्याच प्रयत्नात चुकून हसत सुटतात. कोणी तरी तेही टिपतं. संध्याकाळी इग्लुलिकच्या स्वयंपाकघरात फोन वाजतो, दोघी बहिणी पडद्यावर वाकतात, आणि धाकटी काही न बोलता भुवया उंचावते.